दुपारी वळीव, चारला मॅच : कोल्हापुरात नव्यानं आलेल्यांसाठी

नोकरीसाठी किंवा विद्यापीठात शिकायला कोल्हापुरात आलेल्या माणसाची पहिल्या उन्हाळ्यात एक फसगत ठरलेली असते. मे महिना, चार वाजता शाहू स्टेडियमवर सेमीफायनल. तीनला आभाळ फाटल्यासारखा पाऊस येतो. "आता कसली मॅच," म्हणून गडी खोलीवर चादर ओढून झोपतो. साडेसहाला गल्लीत फटाके आणि हलगी. मॅच झालेली असते! पुढच्या आठवड्यात तो शहाणा होतो. पाऊस रात्रीच पडून गेलाय, सकाळपासून लख्ख ऊन आहे, म्हणून दोन मित्रांना घेऊन दिमाखात निघतो. गेटावर चार पोरं उभी असतात. "पुढं ढकलली की ओ. उद्या बघा."

दोन्ही वेळा चूक एकच. गड्यानं आभाळ बघून ठरवलं.

मी एका पेठेतल्या लहानशा संघात लेफ्ट बॅक खेळायचो. गुडघा गेल्यावर फक्की मारणं (म्हणजे पांढऱ्या पावडरीनं मैदानाच्या लाइनी आखणं), जाळ्या बांधणं, पाणी काढणं या कामांत पडलो आणि तिथंच रमलो. नवीन पोरांना जे तोंडी सांगतो तेच इथं क्रमानं लिहितोय. बघणाऱ्यासाठी आहे, खेळणाऱ्यासाठी आहे, आणि गल्लीत स्वतःची स्पर्धा भरवायची खाज असणाऱ्यांसाठी तर जास्तच आहे.

पहिलं : हंगाम कधी आणि पाऊस कुठला, हे समजून घ्या

मुंबईकडचा माणूस फुटबॉल म्हटलं की जुलैतला चिखल डोळ्यांपुढं आणतो. कोल्हापूरचं कॅलेंडर वेगळं आहे. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची, म्हणजे सगळे म्हणतात त्या केएसएची लीग थंडीत सुरू होते. ती संपली की नॉकआउटच्या चषक स्पर्धा एकामागून एक लागतात आणि त्या उन्हाळाभर चालतात. पाटाकडील, शिवाजी तरुण, दिलबहार, प्रॅक्टिस, खंडोबा, बालगोपाल, फुलेवाडी, जुना बुधवार ही नावं पहिल्या महिन्यात तोंडपाठ करा, नाहीतर चहाच्या टपरीवर तुम्हाला कुणी विचारणार नाही.

म्हणजे आषाढातली झड शहराच्या मुख्य हंगामात फारशी येतच नाही. मॅचचा खोळंबा करतो तो वळीव. एप्रिल-मेमध्ये दुपारपर्यंत अंग भाजतं, मग वारा पडतो, ढग काळेनिळे होतात, धुळीचा लोट उठतो, कधी गारा येतात आणि अर्धा-पाऊण तास नुसता कोसळतो. नेमकी तीच वेळ मॅचची, आणि नेमके तेच दिवस बाद फेऱ्यांचे.

वळीव आणि झड यांतला फरक एकदा कळला की अर्धं काम झालं. वळीव पडतो तेव्हा जमीन महिनाभर तापून, खेळून-खेळून दगडासारखी झालेली असते. पाणी इतक्या जोरात येतं की आत मुरायला वेळच मिळत नाही. वर तळं दिसतं, पण दोन बोटं खाली माती कोरडी असते. असं मैदान दिसायला भयंकर, पण वरचं पाणी काढलं तर तासा-दीड तासात उभं राहतं. उलट रात्रभर संथ पाऊस पडून गेला असेल, तर सकाळी मैदान दिसायला छान हिरवंगार असतं, पाण्याचा थेंब दिसत नाही, आणि पाय ठेवला की चप्पल आत. आतून भिजलेल्या मैदानाला उपाय नाही. ऊन आणि वेळ, बस.

आता पाण्याचा हिशेब. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. मैदान १०० मीटर लांब आणि ६४ मीटर रुंद धरलं तर ६,४०० चौरस मीटर. २५ मिलिमीटरची एक सर आली की १,६०,००० लिटर पाणी. दहा हजार लिटरचे सोळा टँकर अर्ध्या तासात मैदानात ओतल्यासारखं. आणि हवामान खात्याच्या भाषेत हा 'जोरदार पाऊस' नव्हेच. त्यांच्याकडं चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरच्या पुढं गेल्यावर तो शब्द वापरतात. म्हणून दुसऱ्या दिवशी पेपरात पावसाचा आकडा किरकोळ दिसतो आणि मॅच मात्र वाहून गेलेली असते.

दुसरं : मैदान कुठल्या जमिनीवर आहे ते विचारा

कोल्हापूर हे तळ्यांचं गाव. रंकाळा सगळ्यांना दिसतो, पण बुजवलेली तळी दिसत नाहीत. शिवाजी पेठेतलं गांधी मैदान म्हणजे जुनं वरुणतीर्थ. तिथली वेस अजून त्याच नावानं ओळखली जाते. शाहू स्टेडियमच्या जागीही पूर्वी रावणेश्वराचं तळं होतं. देऊळ आजही शेजारी आहे. आता सांगा, तळ्याच्या जागेवर मैदान केल्यावर मोठ्या पावसात पाणी कुठं जाईल? गांधी मैदानात पावसाळ्यात पाणी साचल्याची बातमी दरवर्षी येते आणि दरवर्षी लोक नव्यानं चिडतात. जागा सखल आहे, चारी बाजूंचं पाणी तिथं येतं, यात चमत्कार काही नाही.

मातीचंही तसंच. काळी माती पाणी प्यायली की फुगते, भेगा मिटतात आणि वरचं तोंड बंद होतं. पुढचं पाणी वरच तरंगतं. तांबडी माती किंवा मुरमाड जमीन लवकर निथळते, पण पडलात तर गुडघा सोलून निघतो. चांगलं मैदान मधे किंचित उंच आणि साइडलाइनकडं उतरतं असतं, कासवाच्या पाठीसारखं. आपल्याकडं वर्षभर एकाच मैदानावर इतकं खेळतात की गोलसमोरची आणि सेंटरची जागा झिजून परात होते. पाणी पहिल्यांदा तिथंच साचतं आणि शेवटी तिथूनच जातं. दुर्दैवानं मॅचचा निकालही तिथंच लागतो.

तिसरं : सकाळपासून दुपारपर्यंत

हवामान खात्याचा जिल्ह्याचा इशारा सकाळी बघून ठेवा. यलो अलर्ट म्हणजे मॅच रद्द असं समजू नका. अलर्ट अख्ख्या जिल्ह्याचा असतो. गगनबावड्याला धुवांधार आणि मंगळवार पेठेत धूळ, हे आपल्याकडं नेहमीचं. मोबाइलवर तासातासाचं ढगाचं चित्र दिसतं त्यावर वळवाच्या दिवसांत फार भरवसा ठेवू नये. त्यापेक्षा पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं 'दामिनी' हे अ‍ॅप घ्या. आसपास वीज कुठं पडतेय ते दाखवतं. ते का महत्त्वाचं, पुढं येईल.

रात्री पाऊस झाला असेल तर तो किती वेळ आणि कसा पडला, हे पेठेतल्या कुणाला तरी विचारा. तालमीच्या कट्ट्यावर बसणारा म्हातारा हे इंचात नाही सांगणार. "पन्हाळी रात्रभर गळत हुती" एवढंच म्हणेल. पुरे आहे तेवढं. रात्रभर पन्हाळ गळली असेल तर मॅचची आशा निम्मी करा.

दुपारी सर आली तर घड्याळाचं गणित मांडा. पंचेचाळीस-पंचेचाळीस मिनिटांचे दोन हाफ, मधली पंधरा मिनिटं, वर वाया गेलेला वेळ, म्हणजे पावणेदोन तासांच्या पुढंच. बाद फेरी असेल तर टायब्रेकरची, म्हणजे बरोबरी सोडवायच्या पेनल्टी किकची, आणखी पंधरा-वीस मिनिटं. मे महिन्यात सूर्य सातच्या सुमारास मावळतो, आणि ढग असले की त्याआधीच बॉल दिसेनासा होतो. उजेडावरच खेळायचं असेल तर पाचच्या आत शिट्टी वाजायला हवी. म्हणून सव्वातीनला पाऊस थांबला तर निघा. पावणेपाचला अजून पडतच असेल तर चहा ठेवा.

चौथं : पोचल्यावर काय बघायचं

हे मला शिकवलं मैदानावर काम करणाऱ्या एका मामांनी. मी अठरा-एकोणीस वर्षांचा, पावसानंतर लाइनीवर उभा राहून ढगांकडं बघत होतो. मामा मागून आले.

"वर काय बघतोयस? ढग काय मॅच खेळनार हाय व्हय? पेनल्टी स्पॉटवर जा आनि टाच मार."

मी गेलो, टाच मारली. खड्डा पडला, वर चिखल, पण खाली खट्ट आवाज आला.

"पानी वर आलं का खालनं?"

"नाही मामा."

"मग बादल्या काढ. बघत काय बसलाय."

टाच मारल्यावर खड्ड्यात खालून पाणी भरत आलं तर जमीन आतून भिजलीय, विषय संपला. खट्ट लागलं तर आशा आहे. ही परीक्षा एका जागी करून भागत नाही: दोन्ही पेनल्टी स्पॉट, दोन्ही गोलची तोंडं, सेंटर आणि सगळ्यात सखल कोपरा. गॅलरीतून मैदान बघणाऱ्याला मधला हिरवा भाग दिसतो आणि तो "खेळता येतंय की" म्हणून ओरडतो. त्याला तो कोपरा दिसत नसतो.

दुसरी परीक्षा बॉलची, आणि पंचही तीच करतात. बॉल डोक्याएवढ्या उंचीवरून सोडायचा. उसळला तर ठीक, 'थप्प' करून बसला तर ती जागा गेली. मग जमिनीलगत जोरात पास मारून बघायचा. बॉल नुसता वेगानं घसरत गेला तर मैदान ओलं आहे, खेळता येतं. मधेच ब्रेक लागल्यासारखा थांबला तर तिथं पाणी उभं आहे. अशा जागा एक-दोन असतील तर त्या काढता येतात. जागोजागी असतील तर त्याला फुटबॉल म्हणत नाहीत.

पाचवं : पाणी काढायला उतरणार असाल तर

आधी आमची फजिती सांगतो. एका वर्षी आम्ही पेठेतल्या पोरांसाठी सेव्हन-अ-साइड स्पर्धा भरवली. फायनलच्या दुपारी गोलसमोर डबकं. पाहुणे येऊन बसलेले, माइकवाला वैतागलेला. आम्ही अक्कल चालवली आणि जवळच्या बांधकामावरून दहा-बारा पाट्या कोरडी माती आणून ओतली. वरून एकदम झकास दिसायला लागलं. दहाव्या मिनिटाला आमचाच गोलकीपर बॉल घ्यायला पुढं आला आणि त्याचा पाय घोट्यापर्यंत आत गेला. तीन आठवडे लंगडत होता. पाणी कुठं गेलंच नव्हतं. आम्ही त्यावर झाकण ठेवलं होतं. चिखलाला आपल्याकडं राडा म्हणतात आणि भांडणालाही राडाच म्हणतात. त्या दिवशी दोन्ही झाले.

तेव्हा क्रम असा ठेवा. पाणी आधी बाहेर काढायचं, मग दुसरं काय ते. लाइनीच्या बाहेर, उताराच्या बाजूला हातभर खोल खड्डा घ्या, रबरी वायपरनं पाणी तिकडं ओढा आणि खड्ड्यातून बादलीनं उपसा. मॅचआधी तो खड्डा बुजवायचा किंवा फळीनं झाकायचा, हे लिहायची गरज पडू नये पण पडते. उरलेलं पाणी जुन्या गादीच्या फोमनं टिपा. फोम दाबायचा, बादलीत पिळायचा. चार पोरं आणि चार फोम असले तर गोलसमोरचा भाग वीस मिनिटांत निघतो. झाडूनं पाणी उडवत बसू नका, त्यानं माती कालवली जाते आणि मग बारीक चिखल वरची भोकं बुजवतो.

वळवाचा पाऊस असेल, म्हणजे खाली कोरडं असेल, तर डबक्याच्या जागी बागकामाच्या काट्यानं वीतभर खोल भोकं पाडा. बरंच पाणी आत उतरतं. झडीनंतर हा उद्योग करू नका, उगाच चाळण होते. शेवटी धुतलेली वाळू, तीही पातळ पसरून. लाकडाचा भुसा अगदीच गळ्याशी आलं तर टाकावा, आणि दुसऱ्या दिवशी खरवडून काढावा. राहिला तर कुजतो आणि ती जागा कायमची मऊ पडते.

पावसात फक्की धुऊन जाते. लाइनी परत मारल्याशिवाय खेळ सुरू होत नाही, म्हणून एक पोतं कोरड्यात राखून ठेवा. ओल्या मैदानावर चुना वापरू नका. पडलेल्या पोराच्या डोळ्यात किंवा सोललेल्या कातडीवर गेला तर भाजतो. रांगोळीची किंवा खडूची पावडर बरी.

सहावं : पंच काय ठरवतात, आणि काय ठरवत नाहीत

गॅलरीत दर पावसात एक वकील निघतो. त्याच्यासाठी. खेळाच्या नियमांत पाचवा नियम पंचांचा आहे. सामना थांबवणं, काही वेळ रोखणं किंवा सोडून देणं, हा अधिकार मैदानावरच्या पंचांचा. आयोजकांनी विनंती करावी, कर्णधारांनी मत सांगावं, पण शिट्टी एकाच्याच तोंडात असते. सामना अर्धवट सोडला तर काय, हे सातव्या नियमात आहे : तो पुन्हा पहिल्यापासून खेळवायचा, स्पर्धेच्या स्वतःच्या नियमावलीत वेगळं लिहिलं नसेल तर. त्यामुळं "आम्ही एक-शून्यनं पुढं होतो" याला आपोआप काही किंमत नसते. किंमत त्या स्पर्धेच्या नियमावलीला. गल्लीतली स्पर्धा भरवत असाल तर पावसानं थांबल्यास काय, हे एका ओळीत आधीच लिहून दोन्ही कर्णधारांच्या सह्या घ्या. नंतर ही ओळ लिहायला गेलात तर रात्रीचे बारा वाजतात.

पंच सहसा लगेच रद्द करत नाहीत. थांबवतात, वाट बघतात, कर्णधारांना घेऊन मैदानात फिरतात, बॉल टाकून बघतात. तुम्ही गॅलरीत नवीन असाल तर ही फेरी नीट बघा. पंच गोलसमोर जाऊन थांबले आणि दोनदा टाच मारली, तर काय निकाल लागणार ते चेहऱ्यावर दिसतं.

सातवं : विजा

इथं गंमत नाही. चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा. आवाज साधारण तीन सेकंदांत एक किलोमीटर येतो. तीस सेकंदांच्या आत ऐकू आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. खेळ थांबवायचा, सगळ्यांनी पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत जायचं. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर पुन्हा तीस मिनिटं थांबायचं, आणि मधे परत गडगडलं तर घड्याळ परत शून्यावर. झाडाखाली, गोलपोस्टजवळ, लोखंडी जाळीला टेकून उभं राहू नका. पाऊस थांबला तरी वीज थांबलेली नसते. शाळकरी पोरांच्या मॅचला उभे असाल आणि पंच थांबवत नसतील तर तुम्ही मैदानात जाऊन थांबवा. कुणी वाईट म्हटलं तर म्हणू दे.

आठवं : खेळ कसा बदलतो

नव्या प्रेक्षकाला ओल्या मैदानावरची मॅच गचाळ वाटते. थोडं थांबा, तिथं वेगळीच मजा असते.

नुसत्या ओल्या मैदानावर बॉल पळतो. एरवी पायात येणारा पास दोन हात पुढं निघून जातो. अशा दिवशी शहाणा फॉरवर्ड खाली, जमिनीलगत, गोलकीपरच्या अलीकडं टप्पा पडेल असा मारतो. टप्पा पडून बॉल उसळायच्या ऐवजी घसरतो, कीपरच्या हातातून निसटतो, आणि दुसरा खेळाडू तिथं उभा असतो. म्हणून कीपर पकडायच्या फंदात न पडता बाजूला ढकलतो किंवा ठोसा मारतो. त्याला शिव्या देऊ नका, तो बरोबर करतोय. पाणी साचलेल्या मैदानावर सगळं उलटं. जमिनीवरचा पास मरतो. मग बॉल हवेतून जातो, उंच आणि दणकट पोरं एकदम कामाची होतात, आणि बारीक पायानं खेळणारा हिरो सत्तर मिनिटं हरवल्यासारखा फिरतो. बॅकनं स्वतःच्या गोलसमोरून आडवा पास देऊ नये, हे मी स्वतः एकदा देऊन शिकलोय. बॉल डबक्यात थांबला, मी थांबलो, समोरचा थांबला नाही.

हाफ-टाइमला बाजू बदलतात, त्यामुळं सखल कोपरा दोघांच्याही वाट्याला येतो. पण पहिल्या हाफचा चिखल आणि दुसऱ्या हाफचा चिखल एक नसतो. बावीस जणांनी तुडवल्यावर तो घट्ट होतो, पाय जड पडतात, पोटऱ्यांत गोळे यायला लागतात. कोच बदली खेळाडू राखून का ठेवतोय, याचं उत्तर तिथं असतं.

खेळणाऱ्यांसाठी थोडक्यात. मऊ मैदानाला बुटाखाली लांब आणि कमी स्टड, कडक मैदानाला आखूड आणि जास्त. वळवानंतर खाली कडक असतं, तिथं लांब स्टड घातले तर खिळ्यांवर उभं राहिल्यासारखं होतं. शिनगार्ड नियमानं लागतोच, त्यात चिखलात स्लाइड टॅकल तुमच्या अंदाजापेक्षा हातभर पुढं जातो. बॉलसाठी गेलो होतो हे पंच ऐकत नाहीत, कार्ड दाखवतात. वॉर्मअप नेहमीपेक्षा लांब करा, जांघ आणि मांडीचा मागचा स्नायू ओल्यात पहिला जातो. दुसरा मोज्यांचा जोड पिशवीत ठेवा. हाफ-टाइमला कोरडे मोजे घालण्यासारखं सुख नाही.

टायब्रेकरबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण कोल्हापुरात पावसातली नॉकआउट मॅच बऱ्याचदा तिथं जाते. कुठल्या गोलवर किक मारायच्या हे एरवी नाणेफेकीनं ठरतं, पण मैदानाची अवस्था बघून पंच स्वतः गोल ठरवू शकतात. त्यांनी कोरडा गोल निवडला तर तो दुसऱ्या पेठेच्या गॅलरीसमोर आहे म्हणून बोंब मारू नका. आणि एक नवी गोष्ट. मार्च २०२५ मध्ये चॅम्पियन्स लीगमध्ये रिअल माद्रिदविरुद्ध टायब्रेकरला अ‍ॅटलेटिकोचा ज्युलियन अल्वारेझ घसरला, बॉल दोन्ही पायांना लागला आणि गोल रद्द झाला. त्यानंतर नियम स्पष्ट केला गेला : किक मारणाऱ्याच्या दोन्ही पायांना बॉल चुकून लागला आणि गोल झाला, तर किक परत घ्यायची. गोल झाला नाही तर ती हुकलीच. चिखलात पाय घसरतो तेव्हा हे माहीत असलेला माणूस गॅलरीत एखादाच असतो. तुम्ही व्हा.

नववं : गॅलरीत

छत्री नको, रेनकोट घ्या. छत्री उघडलीत तर मागच्या पाच ओळी तुमच्या पेठेची चौकशी करतील. पायऱ्या निसरड्या होतात, चप्पल रबरी तळाची हवी. बसायला जुना पेपर आणि त्याखाली प्लॅस्टिकची पिशवी, मोबाइल दुसऱ्या पिशवीत. भडंग पावसात मऊ पडतो, शेंगदाणे टिकतात. पोरं-बाळं बरोबर असतील तर खालच्या पायऱ्यांवर बसू नका, पाणी तिकडंच वाहत येतं. मॅच सुटल्यावर मिरजकर तिकटीच्या बाजूला पाऊण तास गाडी हलत नाही. पावसात तासभर धरा. त्यापेक्षा गाडी लांब लावून चालत जा. तिकीट घेतलं असेल आणि मॅच पुढं गेली तर ते फेकू नका. अर्धं तिकीट हातात ठेवून गेटावरच विचारा, तेच दुसऱ्या दिवशी चालणार का. प्रत्येक स्पर्धेची पद्धत वेगळी.

मधेच : जुलै-ऑगस्टमध्ये खेळणाऱ्या पोरांच्या आईबापांसाठी

मोठ्यांचा हंगाम पावसाआधी संपतो, पण शालेय स्पर्धा पावसाळ्यातच असतात. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताकडून खेळला, तेव्हापासून माझ्या गल्लीत तरी मैदानाच्या कडेला उभे राहणारे आईबाप वाढलेत. त्यांना दोन गोष्टी सांगायच्यात. पोरगं साचलेल्या पाण्यात खेळून आलं असेल तर घरी आल्याआल्या साबणानं पाय धुवा आणि जखमा बघा. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना "पाण्यात खेळला होता" हे आवर्जून सांगा, लेप्टोची, म्हणजे साचलेल्या पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची, शंका त्यावरून घेतली जाते. आणि पंचगंगेची पातळी बघत जा. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. मैदान कोरडं असलं तरी बाहेरगावचा संघ येईल का, आणि आला तर परत जाईल का, हे नदी ठरवते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्गच पाण्याखाली गेला होता.

शेवटचं : दुसऱ्या दिवशी

पावसात मॅच झाली की मैदानावर शेकडो खड्डे पडलेले असतात. सकाळी आयोजकांच्या पोटात गोळा येतो आणि पहिला हुकूम सुटतो : रोलर फिरवा. इथंच मैदानाचा सत्यानाश होतो. ओल्या मातीवर रोलर फिरवला की ती दाबून विटेसारखी होते, आतल्या पोकळ्या मिटतात, आणि पुढच्या वळवाला दुप्पट पाणी साचतं. आधी उपटलेली हरळीची ढेकळं पायानं जागेवर बसवा, खड्ड्यांच्या कडा काट्यानं उचलून सारख्या करा आणि ऊन लागू द्या.

रोलर कधी काढायचा, हे शेतकऱ्याच्या घरचा कुणीही सांगेल : वाफसा आल्यावर, म्हणजे जादा ओल उतरून माती मोकळी झाल्यावर. मामांची रीत सोपी होती. गोलसमोरची मूठभर माती घ्यायची, हातात दाबून गोळा करायचा आणि कमरेएवढ्या उंचीवरून सोडायचा. गोळा पडून फुटला तर मामा रोलरच्या दांड्याला हात घालायचे. चपटा होऊन बसला, की हात धोतराला पुसून म्हणायचे, "चल, च्या पिऊ. अकराला बघू परत."